खळं

आईला 'रेव्ह' हा शब्द सांगितलाच नाही.
म्हटलं, पंचवीस-तीस पोरं येतील शनिवारी, रात्रभर नाचतील.
ती मातीवर पाणी शिंपडत होती.
पावसानं उखणलेलं खळं खणून, ढेकळं फोडून ठेवलेली,
चोपायला यंदा सर्जेकोटात माणूस मिळत नव्हतं
आणि तुळशीचं लग्न सहा दिवसांवर.
हात न थांबवता म्हणाली,
"नाचूचांच आसा तर खळ्यात नाचा.
पायताणां भायर. आणि टाचेन नाचा, चवड्यान नको."

जागा अशी ठरली.

बाकीचं मी विजेच्या बिलामागे लिहिलं.
मुबीनकडून दोन टॉप, एक सब, टेम्पोचं डिझेल आपलं.
संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा पंप बंद, फ्रिज बंद,
गोलतकरांना सांगून त्यांचा मिक्सरही.
त्यांची गाय आज-उद्या विणार, सबचं तोंड तिच्याकडे नको.
फॅक्टरीतून बर्फाच्या दोन लाद्या, भुशात.
आगळ, सोडा, मिरची मधोमध चिरून.
धुराच्या मशीनचं भाडं ऐकलं आणि
घमेल्यात सोडणं पेटवायची ठरवली. डासही जातील.
पोलीस पाटलांना शब्द दिला:
दहानंतर टॉप बंद.
फक्त सब, तोही बारीक,
कानाला नाही, पायाला कळेल एवढाच.

दिव्यांचं मी विचारलं नव्हतं.
बाबाच माळ्यावर चढले
आणि गोणपाटातले एलईडी खाली घेऊन आले,
बंदी आल्यापासून न उघडलेले.
लुंगीच्या सोग्यानं एकेक काच पुसली.
समुद्राच्या बाजूला ताडपत्री बांधली स्वतः,
लांबून कुणी बंदराचा दिवा समजेल म्हणून.

पहिला तासभर कुणी नाचलं नाही.
सगळे कडेला, हातात ग्लास,
लग्नात जेवणाची पंगत उठायची वाट बघतात तसे.
तन्वेश एकटा सबसमोर डुलत होता, तोही फोनवर.
मी पोटात गोळा घेऊन बटणं फिरवत राहिले.
मग आई पडवीतून बादली घेऊन आली,
मधोमध पाणी शिंपडलं, आत गेली.
फ्लोरीनं ओल्या मातीत पाय घातला. दुसरा घातला.
माती थंड होती, तिनं नंतर सांगितलं,
वर काढावासाच वाटेना, म्हणून आपटला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही.
धूर, घाम, आगळाचे लाल ओठ,
मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके,
आणि पायरीवरून आईचा आवाज,
"थंयच्या कोनशात कोणच नाय!"
मी दिवा त्या कोपऱ्याकडे वळवला.
सगळे तिकडे सरकले, न सांगता, नाचतनाचत.
पुन्हा वळवला. पुन्हा सरकले.
कठड्यावर बसलेले बाबा कितीतरी दिवसांनी हसले.
"बांगडेच ते," म्हणाले.

बाराच्या सुमाराला ताडपत्रीची दोरी सुटली.
थोड्या वेळानं तीन खलाशी धावत वर आले,
टेकेन्द्र पुढे, हातात बॅटरी,
काय पेटलं, कोण बुडालं, विचारत.
टॉप केव्हाच बंद झालेले. आवाज जवळजवळ नव्हता.
तीस माणसं धुरात नुसती पाय आपटत होती.
त्यांनी एकमेकांकडे बघितलं.
आईनं त्यांच्या गमबुटांकडे बोट दाखवलं.
ते बूट काढून, जाळं ओढतात तसे
एका दमात तिघं नाचले, पहाटेच्या भरतीपर्यंत.

उजाडलं तेव्हा गाय रवंथ करत होती. वासरू अजून पोटातच.
खळ्यावर टाचाच टाचा,
एका ठिकाणी फ्लोरी पडली त्या हाताची पाच बोटं.
आई अनवाणी सगळ्यावरून चालली,
वाकून, एक डोळा मिटून, उतार बघत.
"तुळशीकडे कच्चां रवलां," म्हणाली.
मग वृंदावनाला हात टेकून
तिथंच पाय आपटू लागली,
साडीचा काठ वर धरून, जमिनीकडे बघत.

मी सबची वायर गुंडाळत होते. थांबले.
एकशे अठ्ठावीस नव्हते.
बरेच कमी होते,
आणि एकही चुकत नव्हता.